धर्मग्राम: सीमा आणि शेजार

ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या रचनेत सर्वांत लहान आणि सर्वांत टिकाऊ घटक म्हणजे ‘पॅरिश’. एखादे चर्च, तेथे नेमलेला धर्मगुरू आणि त्याच्याकडे सोपवलेली आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील कुटुंबे मिळून जो समुदाय होतो, त्याला मराठी कॅथोलिक समाज ‘धर्मग्राम’ म्हणतो, तर प्रोटेस्टंट परंपरेत त्याच अर्थाने ‘मंडळी’ हा शब्द रुळला आहे. असे अनेक धर्मग्राम मिळून बिशपच्या अधिकाराखालील ‘धर्मप्रांत’ बनतो. नाशिकचा कॅथोलिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला आणि नाशिक, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), धुळे, जळगाव व नंदुरबार हा विस्तीर्ण, बहुतांशी ग्रामीण प्रदेश त्याच्या कक्षेत आला. त्याआधी १९२९ मध्ये अँग्लिकन परंपरेचा नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला होता आणि तो १९७० पासून उत्तर भारताच्या मंडळीचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, भाग आहे. या प्रदेशातील धर्मग्रामाचे सामूहिक जीवन पाहताना धर्मचिंतनाचा एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो: धर्मग्राम कशाने होतो, जमिनीने की माणसांनी? आणि माणसांनी होत असेल, तर त्याला सीमा कशासाठी हवी?

या प्रश्नाचा पहिला धागा शब्दांतच सापडतो. ‘पॅरिश’ हा शब्द ‘पारोइकिया’ या ग्रीक शब्दावरून आला असून ‘पारोइकोस’ म्हणजे एखाद्या गावात राहणारा, पण त्या गावचा नसलेला मनुष्य, ज्याला मराठीत ‘उपरा’ म्हणता येईल. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्यात दोन्ही मंडळ्यांचा उल्लेख आपापल्या शहरात परक्यांप्रमाणे वस्ती करणाऱ्या देवाच्या मंडळ्या असाच येतो, आणि नव्या करारातील पेत्राचे पहिले पत्रही आपल्या वाचकांना प्रवासी व परदेशवासी म्हणूनच संबोधते. पुढे ज्या संस्थेची ओळख नकाशावरील सीमारेषेने होऊ लागली, तिच्या नावाचा मूळ अर्थ असा बिनमुळाच्या माणसांचा होता. मराठी प्रतिशब्दाची कथाही याहून फार वेगळी नाही. ‘ग्राम’ म्हटले की आज घरे, शिवार आणि वेस डोळ्यांपुढे येते. परंतु संस्कृतात ग्राम म्हणजे मुळात समूह, आणि ‘गुणग्राम’, ‘इंद्रियग्राम’ किंवा संगीतातील ‘स्वरग्राम’ या शब्दांत तो अर्थ अजून टिकून आहे. वैदिक वाङ्मयातील ग्राम हा गुरे घेऊन एकत्र हिंडणाऱ्या लोकांचा जथा होता. जथा जेथे स्थिरावला, त्या जागेला त्याचे नाव मिळाले. ज्यांनी ‘धर्मग्राम’ हा शब्द घडवला, त्यांना ही व्युत्पत्ती अभिप्रेत असो वा नसो, त्या शब्दात जागा आणि जथा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

संस्थेच्या इतिहासात मात्र जागेचे पारडे हळूहळू जड होत गेले. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी आपल्या स्वतःच्या धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यावी, असा नियम केला. ‘स्वतःचा धर्मगुरू’ ही कल्पना आली की कोण कोणाचा हे ठरवणे आले, आणि ते ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे हद्द. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले. कॅनन कायदा या नावाने ओळखली जाणारी चर्चची विधिसंहिता १९१७ मध्ये प्रथम एकत्रित स्वरूपात सिद्ध झाली, तेव्हा धर्मग्रामाचा विचार धर्मप्रांताच्या भूभागाची एक वाटणी म्हणून केला गेला. हा प्रवाह वळला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात. चर्च म्हणजे सर्वप्रथम देवाची प्रजा, ही तिची मध्यवर्ती भूमिका होती आणि लॅटिनबरोबर लोकभाषांनाही उपासनेत स्थान देण्याचा तिचा निर्णय त्याच भूमिकेतून आला. महाराष्ट्रातील खेड्यांत मिस्सा, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारी मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली ती यानंतर. या विचाराचा परिणाम म्हणून १९८३ च्या सुधारित संहितेत धर्मग्रामाची व्याख्या श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय अशी झाली. पण त्याच संहितेने धर्मग्राम सर्वसाधारणपणे प्रादेशिक असावा, त्या प्रदेशातील सर्व श्रद्धावंत त्यात यावेत, असेही म्हटले. म्हणजे माणसे आधी आली खरी, तरी जमीन सुटली नाही.

जमीन का सुटली नाही, याला केवळ प्रशासकीय सोय हे कारण पुरेसे नाही. माणसाने आपल्या मनाप्रमाणे निवडलेल्या मंडळीत त्याला बहुधा आपल्यासारखीच माणसे भेटतात: आपल्या शिक्षणाची, आपल्या ऐपतीची, आपल्या मतांची. प्रादेशिक समुदायात मात्र ही निवड उरत नाही. हद्दीत जो राहतो तो आपला, मग तो बागाईतदार असो की त्याच्या मळ्यावरचा मजूर, बोलका असो की भांडखोर. लूकच्या शुभवर्तमानात ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने जी चांगल्या शोमरोन्याची कथा सांगितली, तिचा रोख याच दिशेने जातो, कारण वाटेत पडलेला जखमी मनुष्य त्या शोमरोन्याने निवडलेला नव्हता. तो वाटेत होता, एवढेच. न निवडलेल्या माणसाची जबाबदारी स्वीकारणे हा प्रादेशिक धर्मग्रामामागचा नैतिक विचार आहे.

परंतु हा विचार महाराष्ट्राच्या खेड्यात आणला की एक मोठी अडचण उभी राहते. येथे जमीन स्वतःच विभागलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या ग्रामव्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले, तिच्यात प्रत्येक जातीची वस्ती, वतन आणि बलुते ठरलेले होते, आणि काही वस्त्या गावकुसाबाहेरच होत्या. नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांतील ग्रामीण ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणावर याच गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आला. गावच्या पाणवठ्यावर आणि देवळात ज्यांना मज्जाव होता, त्यांच्या दृष्टीने ‘हद्दीत राहतो तो आपला’ हे तत्त्व कोणत्याही गावाने पाळलेले नव्हते. नाशिकमध्येच २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला, आणि शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. एकाच जागी राहणे आणि एकमेकांचे असणे यांतील अंतर या घटनांनी जितके स्पष्ट केले, तितके क्वचितच कोणत्या ग्रंथाने केले असेल. म्हणून या प्रदेशात धर्मग्रामाला केवळ जागेचा आधार पुरणारा नव्हता. त्याला ‘पारोइकिया’चा, उपऱ्यांच्या समुदायाचा, जुना अर्थ पुन्हा जगून पाहावा लागला.

या प्रयोगाचे नाशिकमधील सर्वांत ठळक उदाहरण शरणपूर हे होय. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर ही वस्ती वसवली. शरण आलेल्यांचे पूर, हा तिच्या नावाचा अर्थ तिचे प्रयोजनच सांगतो, कारण धर्मांतरानंतर घर, जात आणि उपजीविका या तिन्ही गोष्टी एकदम सुटलेल्या माणसाला उपासनेइतकीच छपराची आणि कामाची गरज असे. येथे शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवले जात. पुढे या वस्तीत आणखी दूरचे उपरे आले. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईमार्गे शरणपुरात आणून शिकवले जाऊ लागले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला; १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन यांचे हृदय आफ्रिकेच्या भूमीत पुरताना दफनविधीचे वाचन त्याने केले, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील अंत्यविधीत त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. नंतर प्राइस पूर्व आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेरटाऊन ही वस्ती उभी राहिली. तिच्या उभारणीत नाशिकला शिकलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांचा मोठा वाटा होता. एका मराठी खेड्याएवढ्या वस्तीचा वारसा समुद्रापलीकडे रुजला, कारण तिचा पाया जन्मभूमीवर नव्हता.

शरणपुराची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आश्रयासाठी उभारलेली वस्ती कालांतराने कुंपणही होऊ शकते. मिशनच्या जमिनीवर, मिशनच्या शाळेत आणि मिशनच्याच कारखान्यात वाढणारा समुदाय सुरक्षित असतो, पण त्याचा सभोवारच्या समाजाशी व्यवहार आटतो आणि निर्णयाची सूत्रे परक्या हातांत राहतात. ज्याला शेजारच नाही, तो समुदाय शेजारधर्म शिकणार तरी कोठे? याच अस्वस्थतेतून नारायण वामन टिळकांसारखा मराठी ख्रिस्ती कवी वेगळ्या वाटेने गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात नाशिकच्या कर्मठ घरापासून ख्रिस्ती मंडळीपर्यंतचा प्रवास आला आहे. टिळकांनी १९१७ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. अभंग आणि भजन ही त्याची भाषा होती, आणि वारकरी संतांचे ऋण टिळकांनी मोकळेपणाने मानले होते. दरबाराला कुंपण नव्हते, पण त्याला घरांची यादी, दफनभूमी किंवा पुढल्या पिढीच्या शिक्षणाची व्यवस्थाही नव्हती, आणि संस्थापकाच्या पश्चात तो फार टिकला नाही. शरणपूर आणि दरबार ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप कळते: सीमा घट्ट झाली तर समुदाय कोंडतो आणि सीमाच नसेल तर तो विरून जातो.

ग्रामीण धर्मग्रामाने या पेचातून जी वाट काढली, ती तत्त्वाच्या मांडणीत दिसण्यापेक्षा दैनंदिन रीतीत अधिक दिसते. राहाता, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत जेझुइट या कॅथोलिक संघाच्या धर्मगुरूंनी जी केंद्रे उभारली, त्यांच्या कक्षेत अनेक गावे येत आणि धर्मगुरू प्रत्येक गावी रोज पोहोचणे अशक्य असे. म्हणून गावात राहून मुलांना शिकवणारा, संध्याकाळची प्रार्थना चालवणारा आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारा ‘मास्तर’, म्हणजे धर्मशिक्षक, हाच समुदायाचा खरा आधार ठरला. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक आणि पंच यांनी हीच भूमिका बजावली. विवाह ठरला की रविवारच्या उपासनेत त्याची जाहीर घोषणा होते, आणि कोणाला काही आक्षेप असल्यास तो आधी कळवावा, अशी विनंती केली जाते. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनची ही रीत दोन व्यक्तींच्या निर्णयाला सगळ्या समुदायाची साक्ष जोडते.

या साक्षीचे सर्वांत बोलके रूप म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. तिच्या एका ओळीत बालकाचे नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आई-वडिलांची नावे, धर्ममाता-धर्मपित्याची, म्हणजे त्या बालकाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणाऱ्यांची, नावे आणि धर्मगुरूची सही असते. या ओळीच्या कडेला मात्र समास मोकळा ठेवलेला असतो. चर्चच्या विधिसंहितेनुसार त्या व्यक्तीचा दृढीकरण संस्कार, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा यांची नोंद पुढे याच ओळीजवळ व्हावी लागते, आणि विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला तर तेथील धर्मगुरूने तसे मूळ धर्मग्रामाला कळवावे लागते. दुष्काळात गाव सोडलेला, ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या कारखान्यात गेलेला मनुष्य कोठेही लग्नाला उभा राहिला, तरी त्याची बातमी त्या खेड्यातील वहीच्या समासात येऊन पोहोचते. जमिनीवरून उठलेला मनुष्य समुदायाच्या स्मृतीतून उठत नाही, हा त्या मोकळ्या समासाचा अर्थ आहे.

हीच गोष्ट सणांत वेगळ्या रीतीने घडते. ग्रामीण मंडळ्यांत हंगामानंतर कापणीचा सण होतो, तेव्हा वेदीपुढे बाजरीच्या पाट्या, कांदे, द्राक्षांचे घड, अंडी, प्रसंगी पाय बांधलेली कोंबडीही अर्पणात येते. उपासना संपली की आवारात त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीच्या कामी लागतो. ज्याच्या घरी पिकलेच नाही, त्यालाही बोली लावून त्या पिकाचा वाटेकरी होता येते. या अर्पणाचा मूळ विधी जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेल्याने तेथे प्रथम आपला पूर्वज भटका होता, हे मोठ्याने सांगायचे असते आणि मग आपल्यात राहणाऱ्या उपऱ्यासह आनंद करायचा असतो. ‘लेवीय’ या पुस्तकातील नियम आणखी स्पष्ट आहे: शेताचा कानाकोपरा कापू नये, पडलेला सरवा आणि द्राक्षमळ्यातील गळलेली द्राक्षे गोळा करू नयेत, ती गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावीत. द्राक्षाच्या जिल्ह्यातील वाचकाला हा नियम केवळ प्राचीन कायदा वाटण्याचे कारण नाही. शेताला बांध असावा, पण बांधाजवळचे पीक दुसऱ्यासाठी असावे, हे त्यातील सीमेचे तत्त्वज्ञान आहे.

यात्रांमध्ये ही सीमा आणखी विरळ होते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला ८ सप्टेंबरच्या सुमारास मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या जन्माची, यात्रा भरते आणि तिच्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना, म्हणजे क्रमाने चालणारी प्रार्थना, होते. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. दोन्ही ठिकाणी ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोक नवस बोलायला आणि फेडायला येतात, मेणबत्ती लावतात, लेकराला पायांवर घालतात. धर्मशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने ते त्या धर्मग्रामाचे सभासद नव्हेत. पण त्या दिवसांत त्यांच्या पाण्याची, सावलीची आणि सुरक्षिततेची काळजी धर्मग्रामच वाहतो. त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या दिंड्यांनाही वाटेवरची गावे अशीच पाणी आणि भाकरी देतात. यजमानपण ही सभासदत्वाहून मोठी गोष्ट आहे, हे या प्रदेशाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

याच विचाराचे अधिक कठीण रूप पाण्याच्या कामात दिसले. अहमदनगर जिल्ह्यात दीर्घकाळ काम केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना १९८९ मध्ये आकाराला आली आणि क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभारली. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रात पडलेले पावसाचे पाणी एकाच ओघळीकडे वाहते ते क्षेत्र; त्यात माथ्यावर चर खणले नाहीत तर पायथ्याच्या विहिरीला पाणी येत नाही. त्यामुळे श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांना साऱ्या गावाची संमती लागते, आणि तेथे ख्रिस्ती वस्ती, मराठा वाडा, धनगरांचे कळप असा भेद पाण्याला माहीत नसतो. न निवडलेल्या शेजाऱ्याशी जोडले जाणे, हे प्रादेशिक धर्मग्रामाचे जे तत्त्व, तेच येथे उताराच्या आणि ओघळीच्या रूपाने उभे राहिले, आणि त्याचा आवाका सभासदांच्या यादीपलीकडे गेला.

एवढ्यावरून ग्रामीण धर्मग्राम निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. जातीची उतरंड चर्चच्या दारात पूर्णपणे थांबली नाही; सोयरीक जुळवताना, कधी पंच निवडताना ती डोके वर काढते. राज्यव्यवस्थेच्या पातळीवरही एक वेदना कायम आहे: १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशातून ख्रिस्ती झालेले दलित वगळले गेले, तो आदेश १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना लागू झाला, पण ख्रिस्ती दलितांना नाही. गावाने ज्याला एके काळी बाहेर ठेवले, त्याची ओळख अशा रीतीने दोन याद्यांच्या मधोमध अडकते. अशा माणसाला आपल्या वहीत, आपल्या पंक्तीत आणि आपल्या निर्णयांत पुरती जागा देणे, ही धर्मग्रामाची पहिली कसोटी आहे, आणि त्याच्या उपासनेचे सौंदर्य याच कसोटीवर खरे किंवा खोटे ठरेल.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या सर्व विवेचनातून असे निघते की धर्मग्रामाला सीमा हवी, परंतु ती कोणाची जबाबदारी कोणावर, हे ठरवण्यासाठी. आजारी माणसाकडे कोणी जायचे, कोणत्या घरात चूल पेटली नाही हे कोणाला ठाऊक असले पाहिजे, परगावी मेलेल्याला मूठमाती कोणी द्यायची, या प्रश्नांना हद्दीशिवाय निश्चित उत्तर मिळत नाही, कारण जी जबाबदारी सर्वांची म्हटली जाते, ती बहुधा कोणीच उचलत नाही. जागा जबाबदारी नेमून देते. जथा, म्हणजे आपण सारेच मुळात उपरे आहोत ही जाणीव, ती जबाबदारी कुंपणाबाहेर नेते. शरणपूर आज नाशिक शहराच्या पोटात आले आहे आणि शरणपूर रोडवरून जाणाऱ्या असंख्य लोकांना त्या नावाचा उगम ठाऊक नसतो. तरीही ज्या धर्मग्रामात ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाच्या बाळाचे नाव येत्या रविवारी वहीत लिहिले जाईल आणि त्या नावाशेजारी, ते बाळ पुढे कोठेही गेले तरी, समास मोकळा ठेवला जाईल, तेथे शरण आलेल्यांचे पूर अजून वसलेले आहे.